‘मूल या शाळेत बसत नाही, असे लिहून द्या’ म्हणतात

प्रश्न : मी सोलापूरची. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर एका शिक्षणसंस्थेच्या चार शाळांमध्ये काम करते. कागदोपत्री माझे पद ‘शालेय मानसशास्त्रज्ञ’ असे आहे. प्रत्यक्षात एखाद्या वर्गात गोंधळ झाला की त्या मुलाला माझ्या खोलीत आणून सोडतात आणि तो शांत झाला की परत नेतात. सध्या तिसरीतल्या एका मुलाचा प्रश्न ऐरणीवर आहे. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, त्याला फिट येतात, बोलणे चार-पाच शब्दांपुरतेच आहे. घरची भाषा तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. गेल्या काही महिन्यांपासून तो स्वतःचा हात चावतो आणि बाकावर डोके आपटतो. त्याचा बुद्ध्यांक काढावा आणि मूल या शाळेत बसत नाही असा अहवाल द्यावा, असे मुख्याध्यापक सांगतात. मला ते पटत नाही, पण नाही म्हणायला हाताशी आधारही नाही. हे काम खरोखर मानसशास्त्रज्ञाचे आहे का? की नोकरी सोडून पुढचे शिक्षण घ्यावे?

उत्तर : अहवाल तुम्ही अवश्य द्यावा, मात्र मुख्याध्यापकांना हवे असलेले वाक्य त्यात लिहू नये. ते लिहिण्याचा अधिकार आज तुम्हाला नाही, मुख्याध्यापकांनाही नाही, आणि उद्या तुम्ही कितीही मोठी पदवी मिळवली तरी तो तुम्हाला मिळणार नाही.

आधार विचारलात, म्हणून प्रथम तो देतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 16 नुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याचेही कलम 16 च आहे आणि शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांवर ते असे बंधन घालते, की दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इतर मुलांबरोबर शिकवावे आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात. घरी राहून शिकण्याचा पर्याय 2009 च्या कायद्यात आहे. 2012 च्या दुरुस्तीने तो तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना दिला. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्कही 2016 च्या कायद्याने दिलेला आहे. परंतु हे पर्याय मुलाने व त्याच्या आईवडिलांनी निवडायचे आहेत, शाळेने त्यांच्या गळी उतरवायचे नाहीत. तुमची संस्था अल्पसंख्याक असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालामुळे 2009 चा कायदा तिला लागू होत नाही, असे तुम्हाला कोणी ऐकवील. त्या वेळी 2016 चा कायदा समोर ठेवावा.

तरीही पहिल्याच बैठकीत ही कलमे टेबलावर मांडू नयेत, असे माझे मत आहे. ज्या मुख्याध्यापकांच्या एकेका वर्गात पन्नासएक मुले आहेत, ज्यांच्याकडे इतर पालक रोज तक्रार घेऊन येतात आणि उद्या डोके फुटले तर उत्तर कोणी द्यायचे या चिंतेत जे आहेत, त्यांना खरे म्हणजे तुमच्याकडून सुटकेचा मार्ग हवा आहे. मुलाचा दाखला हाच एक मार्ग त्यांना दिसतो, कारण दुसरा कोणी दाखवलेला नाही. दुसरा मार्ग लेखी स्वरूपात, नावानिशी जबाबदाऱ्या वाटून त्यांच्यासमोर ठेवणे, हे तुमच्या अहवालाचे काम आहे. तो ठेवल्यावरही त्यांनी दाखल्याचाच आग्रह धरला, तर मग कलमांचा उल्लेख जरूर करावा आणि तोही लेखीच.

हे काम मानसशास्त्रज्ञाचेच आहे. तुमच्याकडून जे करून घेतले जात आहे, ते मात्र नव्हे. चिडलेले मूल तुमच्या खोलीत आणायचे आणि निवल्यावर परत न्यायचे, या व्यवस्थेत तुम्हाला त्या मुलाचा सर्वांत कमी उपयोगाचा भाग दिसतो. हात चावण्याआधीची दहा मिनिटे वर्गात घडलेली असतात आणि ती तुम्ही कधीच पाहिलेली नसतात. ज्या मुलाच्या बाबतीत स्वमग्नता, फिट, अपुरी वाणी आणि परकी भाषा अशा अनेक गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्याला एकट्याला खोलीत तपासून फारसे काही हाती लागत नाही. त्याचा शाळेतला दिवस, आणि त्या दिवसात त्याच्याभोवती वावरणारी मोठी माणसे काय करतात, हे तपासावे लागते. म्हणून निदान दोन आठवडे त्याला खोलीत आणणे बंद करून तुम्ही त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावे, असे मी सुचवीन.

बसताना एक वही जवळ असावी आणि तिच्यात चार रकाने असावेत : वेळ, आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केले. ‘चिडला’, ‘हट्ट केला’ असे शब्द त्या वहीत येऊ देऊ नयेत. ‘बाईंनी फळ्यावरचे उतरवायला सांगितले, त्याने पेन्सिल टाकली, उजव्या मनगटाचा चावा घेतला, शिपाई त्याला बाहेर घेऊन गेले’ असे लिहावे. ज्या तासांना काहीच घडत नाही, त्यांची नोंद घडलेल्या तासांइतकीच मोलाची असते, कारण तो कुठे निभावतो हे तिथूनच कळते.

अशा वर्तनामागे साधारणतः चार कारणांपैकी एखादे सापडते : नकोशा गोष्टीतून सुटका, कोणाचे तरी लक्ष, हवी असलेली वस्तू किंवा शरीराला मिळणारी विशिष्ट संवेदना. तुमच्या पत्रावरून मला पहिल्या कारणाचा संशय येतो. तो चावतो, त्याला वर्गाबाहेर काढतात, गलका थांबतो, लिहिण्याचा तगादा थांबतो आणि तुमच्या शांत खोलीत पंख्याखाली बसायला मिळते. त्याच्या बाजूने पाहिले तर हा सौदा उत्तम आहे, आणि तो रोज पदरात पडत असेल तर चावणे वाढतच जाईल. नोंदींवरून हेच खरे ठरले, तर सुटका बंद करू नये. तिचा मार्ग तेवढा बदलावा. बाहेर जाणाऱ्या मुलाचे चित्र असलेले एक कार्ड त्याच्या बाकावर चिकटवावे, चावण्याची वेळ येण्याआधीच बाईंनी त्याचा हात धरून ते कार्ड आपल्या हाती द्यायला लावावे आणि कार्ड मिळताक्षणी, काहीही न विचारता, त्याला पाच मिनिटे व्हरांड्यात जाऊ द्यावे. सुरुवातीला तो ते वारंवार देईल, आणि हे लाड चालले आहेत, असे शिक्षकखोलीत म्हटले जाईल. तेव्हा तो आत्ताही बाहेर जातोच आहे, फक्त त्यासाठी त्याला मनगट रक्ताळावे लागते, एवढे त्यांच्या लक्षात आणून द्यावे. कार्डाची सवय पक्की झाल्यावर ‘आधी एक ओळ, मग बाहेर’ असे हळूहळू लांबवता येते.

या सर्वांच्या आधी मात्र शरीराकडे पाहायला हवे. बोलू न शकणारे मूल अचानक स्वतःला इजा करू लागले, तर दात किडलेला असणे, कान दुखणे, पोट साफ नसणे, या शक्यता डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय वर्तनाचा कोणताही कार्यक्रम सुरू करू नये. ‘गेल्या काही महिन्यांपासून’ हे तुमच्या पत्रातले शब्द म्हणूनच मला महत्त्वाचे वाटतात. त्याच सुमारास फिटचे औषध किंवा त्याची मात्रा बदलली होती का, हे आईला विचारावे. लेव्हेटिरॅसिटॅमसारख्या औषधाने काही मुलांमध्ये चिडचिड वाढते, आणि काही औषधांनी मूल दिवसभर पेंगते. औषध बदलणे हे केवळ डॉक्टरांचे काम आहे आणि ते एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, हे आईला स्पष्ट सांगावे. परंतु तुमच्या वहीतल्या वेळांसह लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती गेली, तर त्यांना ती फार उपयोगी पडते. झोपेचीही चौकशी करावी. झोप मोडली की फिट येण्याचा संभव वाढतो, आणि घराच्या एका खोलीत माग चालत असेल, किंवा गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घर रात्री उशिरापर्यंत जागे असेल, तर दुसऱ्या दिवशीचे वर्गातले वर्तन त्याला जोडून पाहावे लागते.

आणखी एक शक्यता नाव घेऊन सांगतो, कारण ती टाळण्याकडे आपला कल असतो. ज्या मुलाला झालेला त्रास सांगता येत नाही, त्याच्यावर अत्याचार होण्याचा धोका अधिक असतो. विशिष्ट व्यक्ती दिसताच किंवा स्वच्छतागृहाकडे नेताना त्याचे वर्तन बिघडत असेल, तर ती नोंद नुसती वहीत राहू देऊ नये. पॉक्सो कायदा, 2012 याच्या कलम 19 प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या किंवा तशी सार्थ शंका असलेल्या कोणाही व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि तुमच्या व्यवसायातली गोपनीयता त्याच्या आड येत नाही.

आता बुद्ध्यांकाविषयी. आपल्याकडे आजही वापरली जाणारी बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी सिद्ध केली. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप मॅलिन यांनी नागपुरात तयार केले. दोन्हींचा मोठा भाग शब्दांवर उभा आहे. सोलापुरात कन्नड आणि मराठी मुलांच्या बरोबरीने तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले एकाच गल्लीत वाढतात. त्यांतल्या तेलुगू घरातल्या, जेमतेम पाच शब्द बोलणाऱ्या मुलाला मराठीतून प्रश्न विचारून जो आकडा येईल, तो त्याच्या मराठीचा असेल. हात वापरून करायची सेगुइन फॉर्मबोर्डसारखी चाचणी आणि आईशी बोलून भरायची व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी यांतून काही अंदाज येतो. स्वमग्नतेची तीव्रता पाहण्यासाठी भारतीय मूल्यमापन श्रेणी आहे, तिच्यात 40 बाबी आहेत आणि बरेचसे निरीक्षणावर अवलंबून आहे. पण आकडा कोणताही आला, तरी सोमवारी तिसऱ्या तासाला बाईंनी काय करावे, हे त्यातून कळत नाही. मुख्याध्यापकांनी बुद्ध्यांक मागितला की तो कोणत्या निर्णयासाठी हवा आहे, हे शांतपणे विचारावे. बहुधा उत्तर मिळत नाही.

शिवाय येथे तुमच्या अधिकाराची मर्यादाही आहे आणि ती लपवण्यात हशील नाही. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, 1992 नुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावे लागते, आणि नोंदणीशिवाय तसे काम करणे शिक्षेस पात्र आहे. केवळ एम.ए. वर तुम्ही निरीक्षण करू शकता, शिक्षकांना व पालकांना साहाय्य करू शकता, वर्गातल्या योजना आखू शकता. निदान करणारा किंवा दिव्यांगत्वाची टक्केवारी सांगणारा कागद तुमच्या सहीने निघू नये. संस्थेने पदाचे नाव काहीही दिले असले, तरी अहवालाखाली तुमची खरी पदवीच लिहावी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी पालकांना शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून सोलापूरकर ज्याला नुसते ‘सिव्हिल’ म्हणतात त्या शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी जावे लागेल. अर्ज भरून देण्यात तुम्ही मदत करावी, कारण पुढे परीक्षेतला जादा वेळ व लेखनिक, तसेच राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा, हे सारे त्या कागदावर अवलंबून असते.

आईला शाळेत बोलावण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. विडी कामगार स्त्रीला हजार विड्यांमागे मजुरी मिळते, म्हणजे शाळेने ‘तुमच्या मुलाला घेऊन जा’ असा निरोप धाडला की तिच्या त्या दिवसाच्या कमाईलाच कात्री लागते. आठवड्यातून दोनदा असे झाले तर ती शाळेचा फोन उचलणे सोडून देईल, आणि मग पालकांना काही पडलेलेच नाही, असा शेरा फाइलीत येईल. तुम्हीच एकदा तिच्या घरी जावे. विड्या वळता वळता ती बोलेल, आणि शाळेतल्या खुर्चीत अवघडून बसून जे सांगितले नसते ते सांगेल : तो घरी पाणी कसे मागतो, कोणाजवळ झोपतो, कोणता आवाज त्याला सहन होत नाही, फिट येण्याआधी त्याच्या चेहऱ्यात काय फरक पडतो. तुम्हाला तेलुगू येत नसेल तर दुभाषा म्हणून त्याच्या मोठ्या बहिणीला किंवा शेजारच्या मुलाला बसवू नये, कारण आईला मुलांसमोर बोलता येत नाहीत अशा पुष्कळ गोष्टी असतात; तेलुगू जाणणाऱ्या एखाद्या शिक्षिका किंवा सेविका सोलापूरच्या शाळेत मिळणे मुळीच कठीण नाही. आणि ‘घरी मराठीच बोला’ हा सल्ला कोणी दिला असेल, तर तो मागे घ्यायला लावावा. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडत नाही. उलट जी भाषा आईला मोकळेपणाने बोलता येते ती काढून घेतली, तर त्याच्याशी होणारे बोलणेच आटते. चित्रकार्डावर तांब्याचे चित्र असले की आईने ‘नीळ्ळू’ म्हणावे आणि बाईंनी ‘पाणी’. मुलाला तेच कार्ड दोन्हीकडे चालते.

फिटविषयी शाळेतल्या सर्वांना, शिपायांना धरून, एकदा नीट शिकवावे. मुलाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवावी. काही फिट अशा असतात की मूल काही सेकंद नुसते टक लावून बसते आणि शिक्षकांना ते लक्ष नसणे वाटते. हे सांगितल्यावर इतर वर्गांतलीही एखाद-दोन मुले पुढे येण्याचा संभव असतो. मुलाला ओढणीने बाकाशी बांधून ठेवण्याचा प्रकार कुठे चालू असेल, तर तो त्याच दिवशी बंद करावा. 2009 च्या कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते.

मग अहवालात काय लिहावे? एक ते दीड पान पुरे. पहिल्या परिच्छेदात तुम्ही किती वेळ, कोणत्या तासांना निरीक्षण केले आणि काय दिसले, ते आकड्यांसह असावे. त्यानंतर ‘या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी शाळेने पुढील व्यवस्था करणे आवश्यक आहे’ असे स्पष्ट वाक्य असावे आणि त्याखाली व्यवस्था : दाराजवळची, घंटेपासून दूरची जागा, दिवसाचा क्रम दाखवणारी चित्रांची पट्टी, बाहेर जाण्याचे कार्ड आणि ते स्वीकारण्याची जबाबदारी कोणाची, फळ्यावरून उतरवण्याऐवजी त्याला जमेल असे काम, फिट आल्यास कोणी काय करायचे, घरी पाठवण्याचा निर्णय कोणत्या परिस्थितीत आणि कोणी घ्यायचा. प्रत्येक कामापुढे माणसाचे नाव असावे आणि शेवटी फेरआढाव्याची तारीख. शाळा अनुदानित असेल तर समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांची भेट शहर साधन केंद्रामार्फत मागावी, हेही त्यात घालावे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक वर्गांसाठी दर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांसाठी दर 15 मागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले आहे. प्रत्यक्षात तसे शिक्षक हाताशी नसतील, पण मागणी लेखी नसली तर ती कधीच झाली नाही असे धरले जाते.

चार शाळांचा भार मात्र एका व्यक्तीला पेलणारा नाही, हे संस्थेला सांगावे लागेल. प्रत्येक शाळेचा वार ठरवून घ्यावा, त्यातला निम्मा वेळ वर्गांत बसण्यासाठी राखावा आणि ‘मूल पाठवले आहे’ या निरोपाला ‘मी वर्गात येते’ असे उत्तर द्यावे. शिवाय ज्यांच्याशी महिन्यातून एकदा तरी अशा मुलांविषयी नाव न घेता बोलता येईल, अशा अनुभवी नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ शोधाव्यात; या कामात एकटेपणाने माणसे जितकी थकतात, तितकी मुलांमुळे थकत नाहीत.

पुढचे शिक्षण घ्यावे का? घ्यावे, पण या मुख्याध्यापकांपासून सुटका म्हणून नव्हे. शाळेतल्या अशा मुलांचे काम तुम्हाला करायचे असेल, तर पुनर्वसन मानसशास्त्राची वाट तुमच्यासाठी अधिक जवळची आहे. दवाखान्यातल्या कामाकडे ओढा असेल तर चिकित्सा मानसशास्त्राची. सिकंदराबादला बौद्धिक दिव्यांगजनांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे आणि सोलापूरहून तिकडे थेट गाड्या आहेत. पुण्या-मुंबईच्या खर्चाचा विचार करता तेथे आधी चौकशी करावी. एम.फिल. च्या बाबतीत अलीकडे नियम बदलत आहेत, त्यामुळे कोणत्या अभ्यासक्रमाने नोंदणी मिळते, कोणत्या संस्थेला कोणत्या वर्षापर्यंत मान्यता आहे आणि तिच्याकडे जागा किती आहेत, हे पुनर्वसन परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून मगच शुल्क भरावे. जाहिरातीतल्या ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबू नये. प्रवेश पुढच्या सत्राचा असेल, तर त्याआधी या मुलाच्या अहवालाचा पहिला फेरआढावा तुमच्याच हातून पूर्ण व्हावा आणि वहीची एक प्रत त्याच्या आईजवळ राहावी.